बोधाचा अधिकार

१६९७ साली पॅरिसमध्ये क्लोद बार्बँ या प्रकाशकाने काढलेल्या एका लहानशा पुस्तकाच्या मुखचित्रात एक वृद्धा विस्तवाजवळ बसून सूत काततांना दिसते. तिच्याभोवती चांगल्या घरची वाटावीत अशी तीन मुले आहेत आणि मागच्या दारावर हंसीण आईच्या गोष्टी अशा अर्थाची पाटी आहे. आत आठ कथा आहेत. 'झोपलेली राजकन्या', 'लाल टोपीवाली', 'निळी दाढी', 'बूटवाला बोका', 'सिंड्रेला' या त्यांपैकी जगभर गेलेल्या. ग्रंथाचे मूळ नाव मराठीत आणायचे तर 'गतकाळच्या कथा, बोधांसह' असे काहीसे होईल. ज्याच्या नावाने हे पुस्तक पुढे ओळखले गेले त्या शार्ल पेरो याचे नाव ग्रंथावर नव्हते. राजाच्या पुतणीला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेखाली सही आहे ती पेरोच्या धाकट्या मुलाची, पियेर दार्मांकूर याची. तो त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. म्हणजे या एका पुस्तकात तीन माणसे आहेत : सांगणारी, जिला चेहरा आहे पण नाव नाही; सही करणारा, ज्याने कथा लिहिल्या की नाहीत याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही; आणि बहुधा लिहिणारा, जो पडद्याआड उभा आहे. प्रत्येक कथेच्या अखेरीस येणाऱ्या पद्यमय बोधात मात्र आवाज एकाचाच ऐकू येतो, आणि तो सूत कातणाऱ्या वृद्धेचा नाही.

कथेतून बोध काढण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो केवळ सतराव्या शतकातील पॅरिसचा प्रश्न आहे असे मानण्याचे कारण नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण सारेच तो दर वेळी, बहुधा नकळत, एका विशिष्ट बाजूने सोडवून टाकत असतो. प्रस्तुत लेखकानेही तो तसा सोडवला आहे. काही वर्षांपूर्वी प्रबंधाच्या निमित्ताने परभणी जिल्ह्यात, गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठच्या एका खेड्यात, एका वृद्ध बाईंकडून श्रावणातल्या कहाण्या ध्वनिमुद्रित केल्या. लिप्यंतर करताना ठरलेल्या आराखड्यानुसार प्रत्येक कथेखाली कथाबीज, पात्रे, कल्पनाबंध आणि बोध असे रकाने भरले. पडताळणीसाठी पुन्हा गेलो आणि लिहिलेले वाचून दाखवले. बाई मान डोलावीत ऐकत होत्या. बोधाच्या ओळीवर मात्र त्यांनी थांबवले आणि विचारले, "हे कोन म्हन्लं?"

या प्रश्नाला त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना पेरोकडे वळावे लागले, कारण आधुनिक युरोपात दाईआजीच्या कथेला छापील बोध जोडण्याची रीत ज्याने प्रतिष्ठित केली तो बहुधा हाच गृहस्थ.

पेरो (१६२८–१७०३) हा मूळचा कथाकार नव्हे. वकिलीचे शिक्षण घेतलेला, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या हाताखाली राजवास्तूंच्या खात्यात वर्षानुवर्षे काम केलेला आणि १६७१ पासून फ्रेंच अकादमीचा सदस्य असलेला हा मातब्बर अधिकारी होता. कोल्बेरच्या मृत्यूनंतर (१६८३) त्याचे वजन ओसरले. चव्वेचाळिसाव्या वर्षी लग्न, पन्नाशीत पत्नीवियोग आणि पदरी लहान मुले अशी त्याची घरची स्थिती होती. मुलांच्या शिक्षणात लक्ष घातल्याचे त्याने स्वतः नोंदवले आहे. पण कथांकडे तो केवळ वत्सल पिता म्हणून वळला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. १६८७ मध्ये अकादमीपुढे वाचलेल्या दीर्घ कवितेत त्याने आपले युग ग्रीक-रोमनांपेक्षा कमी नाही असे प्रतिपादन केले. बुआलो संतापला, आणि 'प्राचीन विरुद्ध आधुनिक' हा प्रसिद्ध वाद पेटला. त्या वादात पेरोला आधुनिकांच्या बाजूने पुरावा हवा होता. तो त्याला दाया आणि आज्या मुलांना सांगत असलेल्या कथांत सापडला. आपल्या पद्यकथांच्या प्रस्तावनेत तो म्हणतो ते थोडक्यात असे : प्राचीनांच्या अनेक कथा केवळ रंजनासाठी रचल्या गेल्या, नीतीची फिकीर त्यांत नाही, आणि सायकीच्या कथेतून काय घ्यायचे हे तर उमगतच नाही. उलट आपल्या पूर्वजांच्या गोष्टींत सद्गुणाला पारितोषिक आणि दुर्गुणाला शासन असतेच.

म्हणजे आजीची कथा विद्वत्सभेत आली ती साक्षीदार म्हणून आली, आणि साक्षीदाराने काय सांगायचे ते वकिलाने आधीच ठरवलेले होते. बोध नसता तर ती कथा पेरोच्या कामाची नव्हती. त्याने कथेला बोध जोडला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याने बोधाला कथा जोडली असे म्हणणे अधिक रास्त होईल.

मात्र पेरो हा साधा उपदेशक नव्हे. त्याचे बोध जवळून वाचले की ते कथेला चिकटत नाहीत हे ध्यानात येते, आणि ते त्यालाही ठाऊक असावे असा दाट संशय येतो. 'लाल टोपीवाली' त्याच्या संहितेत लांडग्याच्या पोटात जाते आणि कथा तेथेच संपते. तिला बाहेर काढणारा शिकारी पुढे १८१२ मध्ये ग्रिम बंधूंच्या संहितेत आला. त्यानंतरचा बोध लांडग्याविषयी बोलतच नाही. तरुण, सुंदर, सुसंस्कृत मुलींनी कोणाचेही ऐकू नये, आणि सर्वांत घातक लांडगे ते जे गोड बोलत मुलींच्या मागोमाग त्यांच्या खोलीपर्यंत येतात, असे तो सांगतो. विस्तवाजवळची मुले या बोधाचा श्रोता नाहीत. तो दिवाणखान्यातील स्त्रीपुरुषांकडे पाहून केलेला, डोळा मिचकावणारा उद्गार आहे.

'निळी दाढी'ला तर दोन बोध आहेत. पहिला म्हणतो की कुतूहलाची किंमत फार मोठी असते आणि त्याचे सुख क्षणिक. दुसरा म्हणतो की असे नवरे आता राहिले नाहीत, आणि हल्लीच्या घरात धनी कोण हे दाढीच्या रंगावरून ओळखणे कठीण. दुसरा पहिल्याची चेष्टा करतो. पण कथेत काय घडते? नवऱ्याने मना केलेली खोली बायको उघडते, आधीच्या बायकांची प्रेते पाहते, किल्लीवरचा रक्ताचा डाग काही केल्या जात नाही, आणि ऐन वेळी भाऊ येऊन तिला सोडवतात. नवरा मरतो. सारी संपत्ती तिला मिळते. त्या संपत्तीतून ती बहिणीचे लग्न लावते, भावांना सैन्यात पदे मिळवून देते आणि स्वतः एका सज्जन माणसाशी विवाह करते. खोली न उघडणारी बायको त्या घरात काय जाणून जगली असती? कुतूहलाने तिला संकटात टाकले हे खरे, पण त्याच कुतूहलाने तिला सत्य कळले. कथा एक सांगते आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला बोध दुसरेच. 'सिंड्रेला'च्या दोन बोधांतही असाच खटका आहे : एक म्हणतो की सौंदर्यापेक्षा शालीनता श्रेष्ठ, दुसरा हळूच म्हणतो की सारे गुण असूनही पाठीशी धर्ममाता किंवा धर्मपिता नसेल तर उपयोग नाही. कोल्बेरच्या पदरी वीस वर्षे काढलेल्या माणसाचा हा अनुभव असणार.

यात एक नैतिक सोय दडलेली आहे. कथा माझी नाही, ती दाईची आहे आणि लिहिली माझ्या मुलाने, असे म्हणून लेखक कथेची जबाबदारी झटकतो. अकादमीच्या सदस्याने अशा पोरकट गोष्टी लिहाव्यात का, या आक्षेपातून तो सुटतो. पण तिच्या अर्थाची मालकी मात्र तो स्वतःकडे ठेवतो. सांगण्याचा भार दुसऱ्यावर आणि निवाड्याचा मान आपल्याकडे, अशी ही वाटणी आहे. (सहीच्या बाबतीत नियतीने जी चेष्टा केली ती वेगळीच. ज्या वर्षी बोधांचे हे पुस्तक निघाले त्याच वर्षी पियेरच्या हातून भांडणात एका शेजाऱ्याचा जीव गेला, बापाला पैसे मोजून प्रकरण मिटवावे लागले, आणि १७०० मध्ये लष्करात असतानाच तो तरुण वारला.)

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ती वृद्धा मुळात होती कशावरून? मार्क सोरियानो याने १९६८ मध्ये पेरोच्या कथांतील विद्वत्संस्कृती आणि लोकपरंपरा यांचे नाते तपासले. त्यानंतर रूथ बॉटिगहाइमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर असे मांडले की या कथांचा प्रवास मुखातून मुखाकडे नव्हे, तर प्रामुख्याने पुस्तकातून पुस्तकाकडे झाला. नेपल्सच्या बाझिलेच्या संग्रहात (१६३४–३६) सिंड्रेला आणि झोपलेली राजकन्या आधीच आहेत. पेरोच्या भोवती मादाम दोल्नुआ आणि त्याची नातलग लेरितिए अशा लेखिका याच काळात परीकथा लिहीत होत्या. त्या काही सूत कातणाऱ्या दाया नव्हत्या. 'परीकथा' या अर्थाचा फ्रेंच शब्द रूढ केला तो दोल्नुआनेच. मग मुखचित्रातील वृद्धा हा एक साहित्यिक संकेत ठरतो. तसे असले तरी आपला प्रश्न संपत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो. जी नव्हती तिला चितारावे का लागले? कारण तिच्याशिवाय कथेला अस्सलपणा येत नव्हता. बोधाला मात्र तिची गरज कधीच भासली नाही.

शिवाय ती अगदीच नव्हती असेही म्हणवत नाही. या कथांपैकी पाच कथांचे १६९५ चे एक हस्तलिखित उपलब्ध आहे. त्यात लांडग्याच्या अखेरच्या शब्दांपाशी समासात एक सूचना आहे : हे शब्द मोठ्या आवाजात म्हणावेत, म्हणजे लांडगा आता आपल्यालाच खाणार असे वाटून मूल घाबरेल. ही सूचना बोधाच्या जगातली नाही. ती ज्याने कोणी लिहिली त्याने मांडीवरच्या मुलाला कोणीतरी दचकवताना निश्चित पाहिले होते.

आता श्रावणातल्या कहाणीकडे वळू. बाईंनी सांगितली होती ती शिवामुठीची. चातुर्मासाच्या छापील पोथीतही ती आहे. राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र, राहायला गुरांचा गोठा आणि काम गुरे राखण्याचे. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात. कुठे निघालात, असे ती त्यांना विचारते. महादेवाला शिवामूठ वाहायला, असे त्या सांगतात, आणि ती त्यांच्याबरोबर जाऊ लागते. अखेरच्या सोमवारी सासरा देवदर्शनाला येतो तेव्हा रानातले देऊळ सोन्याचे झालेले असते. तो आत जातो, पागोटे खुंटीला अडकवतो, आणि बाहेर तळे पाहायला जातो तो देऊळ नाहीसे होते. पागोट्यासाठी परत फिरून पाहतो तर जागी एक लहानसे देऊळ, आत पिंड, सुनेने केलेली पूजा, आणि खुंटीवर पागोटे. नावडती आवडती होते.

सिंड्रेलाशी या कथेचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. राखेतली मुलगी आणि गोठ्यातली सून, धर्ममाता परी आणि नागकन्या, क्षणभर उजळून विझणारे वैभव, मागे राहिलेली एक वस्तू. (आपल्याकडे 'परी' हा शब्दच फारसीतून आला. गोदाकाठच्या गोष्टींतून भेटतात त्या साती आसरा, नागकन्या, हडळी. पण पेरोच्याही आठ कथांपैकी निम्म्यांत परी मुळीच नाही.) फरक आहे तो वस्तूचा. काचेचा जोडा मुलीची ओळख पटवतो आणि परीक्षा तिची होते. पागोटे राजाचे आहे. ते विसरून जाणारा तो, परत येणारा तो, आणि आपण पाहिलेले खरे होते की नव्हते हे ज्याला स्वतःपाशी ठरवावे लागते तोही तोच. परीक्षा सत्तेची झाली आहे.

आणि फरक शेवटाचा. कहाणी 'सुफळ' होते, 'सुबोध' होत नाही. तिच्या अखेरीस येतो तो आशीर्वाद, जे तिला लाभले ते ऐकणाऱ्यालाही लाभो असा. फळ आणि बोध या दोन वेगळ्या कोटी आहेत, आणि आपल्या समीक्षेने त्यांचा घोटाळा केलेला आहे. बोध कथेतून वर उचलता येतो. एकदा तो हाती आला की कथा फेकून दिली तरी चालते. फळ तसे वेगळे काढता येत नाही. ते ऐकणाऱ्याला ऐकण्यामुळेच मिळते आणि पुन्हा ऐकल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. बोध सांगणारा श्रोत्याच्या वर उभा राहतो, तर फळाची इच्छा करणारी श्रोत्यांच्या पंगतीतच बसलेली असते. कहाणीतील जगही अन्यायाचे आहे, हे येथे विसरता कामा नये. आवडत्या सुनांना कोणी जाब विचारत नाही, राजाला पश्चात्ताप होतो असेही नाही, आणि फळाची भाषा कर्मकांडाला बळ देते हा आक्षेप खोटा नाही. पण कहाणी त्या अन्यायाचे समर्थन करीत नाही. ते समर्थन मी रकान्यात लिहिले होते : 'सोशिकतेचे फळ मिळते.'

हा रकाना आपल्याकडे आला कोठून, हे पाहणे उद्बोधक आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते मूळच्या बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या कथांवरून, इंग्रजीच्या द्वारे, मराठीत आले. छत्र्यांची 'इसापनीतिकथा'ही त्याच वर्षीची. मराठी मुलाच्या हाती पडलेला हा आरंभीचा फ्रेंच कथाकार पेरो नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. बेर्केंने अद्भुताला जाणूनबुजून दूर ठेवले आणि त्याच्या जागी शहाण्या व हूड मुलांच्या घरगुती गोष्टी आणल्या. पेरोचा बोध निदान दुटप्पी होता, स्वतःला चिमटे काढणारा होता. बेर्केंचा बोध गंभीर आणि एकेरी होता. शालेय पुस्तकांतून रुळलेले 'तात्पर्य' या दुसऱ्या घराण्यातले आहे. छत्र्यांच्या गद्याचे मराठीवर उपकार आहेत आणि ते नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु गोष्टीखाली एक आडवी रेघ ओढून तिचा अर्थ एका वाक्यात लिहिण्याची सवय आपल्याला शाळेने लावली, आणि विद्यापीठाने ती सोडवली नाही. तिला केवळ आराखड्याचे नाव दिले.

गंगाखेडच्या परिसरात बसून सांगणारीच्या नावाचा विचार करताना जनाबाई आठवणे अपरिहार्य आहे. परंपरेनुसार ती तेथली. नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, शिवाय हरिश्चंद्राख्यान, थालीपाक यांसारख्या कथनपर रचना आहेत. म्हणजे ती कथाही सांगणारी होती, आणि जात्यावर बसून सांगणारी होती. पेरोच्या वृद्धेच्या हाती चाती, जनीच्या हाती जात्याचा खुंटा. दोघी परक्या घरात राबणाऱ्या. पण जनीच्या रचनेत जनी नावाने आहे. अर्थात एवढ्यावर हुरळून जाण्याचे कारण नाही. 'नामयाची दासी' या मुद्रेत धन्याचे नाव आधी येते, आणि जनीच्या नावावरचे सारेच जनीचे नाही हा पाठचिकित्सकांचा इशारा योग्यच आहे. नंतरच्या कित्येक अनाम बायका जनीच्या मुद्रेआड उभ्या असतील. पेरो आपले नाव मुलाच्या सहीआड लपवतो तेव्हा तो आपली प्रतिष्ठा राखतो. त्या बायका जनीच्या नावाआड लपल्या असतील तर त्यांनी बोलण्याची जागा मिळवली. नाव न घालण्याच्या या दोन कृती वरून सारख्या दिसतात, पण त्यांना एकाच नैतिक मापाने मोजता येणार नाही.

नाव घालण्याचा मार्गही पुढे कोणी चोखाळला नाही असे नाही. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणारीचे नाव व गाव नोंदवण्याचा कटाक्ष ठेवला. त्या प्रकल्पातील ध्वनिमुद्रणे परभणी जिल्ह्यातील ताडकळसपर्यंत पोहोचली. पेरोनंतर तीन शतकांनी एका फ्रेंच माणसाने मराठी बाईपुढे बसून आधी तिचे नाव विचारले, याचे मोल कमी नाही.

माझ्या प्रबंधात त्या बाई 'निवेदक क्रमांक ७' आहेत. त्यांच्या प्रश्नाला मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले : असे लिहावे लागते, त्यातून शिकायला मिळते, वगैरे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तिनं सोसलं म्हून न्हाई झालं लेकरा. सोसत तर ती आधीपस्नं व्हती. तिनं इचारलं म्हून झालं."

मी कहाणी तेव्हा कित्येकदा ऐकली आणि वाचली होती. रानात नावडतीने तोंड उघडून विचारले नसते तर नागकन्या आपल्या वाटेने निघून गेल्या असत्या, हे कधी ध्यानात आले नव्हते. 'निळी दाढी'ची बायको विचारणे मना असताना खोली उघडते आणि तिच्या कथेखाली कुतूहलाचा निषेध येतो. नावडती कोणी बोलायलाच ठेवलेले नसताना विचारते आणि तिच्या कथेखाली सोशिकतेची शिफारस येते. दोन्ही बोध कथेतल्या बाईने जे केले नेमके तेच पुसून टाकतात. पेरोने ते हसत केले. मी ते गंभीरपणे, पद्धतीला धरून केले.

बाईंनी सांगितलेले मी टिपून घेतले, परंतु रकाना बदलला नाही. त्यांचे म्हणणेही एक बोधच होता, मग तो का लिहू नये, असा प्रश्न पडेल. तो मलाही पडला. लिहिला असता तर तो क्रमांक सातच्या कथेखालचे माझे वाक्य झाला असता. त्यांनी तो माझ्या वाक्याला उत्तर म्हणून उच्चारला होता, आणि दुसऱ्या कोणी दुसरे काही म्हटले असते तर त्यालाही बहुधा त्यांनी वेगळे उत्तर दिले असते. तरीही माझे वाक्य तेथे राहू देण्याला हे कारण पुरत नाही. ते राहिले, कारण प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली होती.

निघताना मी त्यांना विचारले, छापताना नाव घालू का? त्यांना ते विचित्र वाटले. नाव कशाला, गोष्ट माझ्या मायची, असे त्या म्हणाल्या. मायचे नाव विचारले तर तेही त्यांनी सांगितले नाही. गाव मात्र सांगितले, नदीच्या पलीकडचे, आणि पावसाळ्यात तिकडे जाता येत नसे, हेही.